बकुळीचं स्थळ

देवळाली कॅम्प
२८ ऑगस्ट १९८३

प्रिय वच्छी,

कॉन्व्हेंटच्या मागच्या व्हरांड्यात आपण डबा खायला बसायचो, ते आठवतं? पोळीचा शेवटचा तुकडा तू फ्रॉकच्या घडीत लपवायचीस आणि पायरीखाली राहणाऱ्या लंगड्या कुत्रीपुढे हात लांब करायचीस. तोंड मात्र दुसरीकडे. मी ओरडायचे, "अगं, बघ तरी, चावेल!" तू म्हणायचीस, "बघितलं की ती लाजते, ताई." मग सिस्टर बर्नडेट यायच्या, तुझ्या फ्रॉकवरचा तुपाचा डाग बघायच्या आणि कोपऱ्यात उभं राहायची शिक्षा मला व्हायची, कारण मी मोठी.

आता तुला सिस्टर आग्नेस म्हणायला हवं. पाकिटावर तसं लिहिलं आहे, तेवढं पुरे. आत मी वच्छीच लिहिणार. तू तळोद्याकडच्या मिशनच्या दवाखान्यात आहेस, हे इथल्या चर्चमधल्या एका बाईंनी सांगितलं. तू तिकडे गेलीस तेव्हा नानांनी तुझ्या नावानं आंघोळ केली होती. आज नाना नाहीत, आई नाही, ज्या विहिरीवर ती आंघोळ केली ती विहीरही बुजली. मी आहे, आणि माझ्याजवळ एक कुत्री आहे. तिच्यासाठी लिहिते आहे.

इथे कॅम्पात धनमाई नावाच्या पारशी बाई होत्या. बंगल्याच्या जुन्या तबेल्यात त्या रस्त्यावरची आजारी, जखमी कुत्री सांभाळायच्या. हे गेल्यापासून माझ्या दुपारी तिथेच जायच्या, जखमा धुण्यात आणि भात शिजवण्यात. या उन्हाळ्यात धनमाई गेल्या. भाच्यानं बंगला विकायला काढला. देखणी कुत्री लोकांनी नेली. राहिलेल्यांसाठी एक दिवस बंद गाडी आली. मी पोचले तेव्हा तबेला धुऊन काढला होता आणि सगळीकडे फिनेलचा वास होता. कोपऱ्यातल्या पिंपामागे ही एकटी उरली होती. गाडीवाल्यांना ती सापडली नाही, कारण ती आवाजच करत नाही. भुंकणं नाही, रडणं नाही. सुकलेल्या बकुळीचा रंग, म्हणून मी बकुळी म्हणते.

इथे तोफांचा सराव चालतो हे तुला ठाऊकच आहे. काचा थरथरल्या की आपण कपबशी धरून ठेवायचो आणि गप्पा पुढे चालू. बकुळीला ते जमत नाही. पहिला धमाका झाला की ती पिठाच्या डब्यामागची फरशी उकरायला लागते. नखांतून रक्त येतं, तरी थांबत नाही. मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याला तोंड लावत नाही. आणि पुढे दिवाळी आहे.

मी तिला ठेवून घेतली असती. पण हे घर विकलं आहे. दिवाळीनंतर ताबा द्यायचा. घेणाऱ्याला घर नको आहे, फक्त जागा हवी आहे, पाडणार म्हणाला. मी कुठे जाणार ते पुढे लिहीन. मुंबईला थोडं काम आहे, ते आधी उरकायचं.

तुझ्या मिशनच्या आवारात एखादा शांत कोपरा आहे का, वच्छी? नाही म्हणालीस तरी चालेल. पण स्वतःच्या अक्षरात म्हण.

तुझी
ताई


देवळाली कॅम्प
१८ सप्टेंबर

प्रिय वच्छी,

तुझं कार्ड आलं. अक्षर अजून तसंच, उजवीकडे कललेलं, घाईत निघाल्यासारखं. मी ते आरशाच्या कडेला खोचून ठेवलं आहे.

मदर सुपीरिअरना कोंबड्यांची काळजी वाटते हे समजलं. त्यांना सांग, बकुळी कोंबडीलाच घाबरते. पण असू दे.

तू नर्स झालीस आणि प्रश्नही नर्ससारखे विचारतेस. मुंबईला काय काम, कोणता दवाखाना, वजन किती उतरलं. बाकीचं आधी लिहू दे. जागा उरली तर ते लिहीन.

सध्या आमच्याकडे वरसंशोधन चाललं आहे. हा शब्द चिमणाबाईचा. ती माझ्याकडे धुणीभांडी करते, माहेर वणीच्या पुढचं. रोज सकाळी दारातूनच विचारते, "काय बाई, आलं का पोरीला स्थळ?" बकुळी तिचा आवाज ऐकून कपाटाखाली जाते. "मुलगी लाजरी हाय," चिमणाबाई म्हणते, "पन लाजरी पोर लवकर खपती."

खपली नाही. गंगापूर रोडच्या वकिलीणबाई प्रेमळ निघाल्या, पण घरासमोर गणपतीचा मांडव आणि त्यावर दोन भोंगे. लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी म्हणाले, आमच्या वखारीत आनंदानं राहील. जाऊन पाहिलं तर ट्रॅक्टर, हॉर्न आणि लिलावाचा आरडाओरडा. शेटजी स्वतः बोलायला लागले तेव्हा मीच दचकले. सिन्नरच्या एका मास्तरणीनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "भुंकत नाही? मग कशाला ठेवायची?"

आता चिमणाबाईनंच एक ठिकाण सुचवलं आहे. तिच्या भावाची वस्ती, धोंडीरामची. वणीच्या पुढे उतरायचं आणि डोंगराकडे चालत जायचं. दोन-चार घरं, बाकी सगळं रान. मी नीट चौकशी केली. रस्ता जवळ आहे का? नाही. गिरणी? नाही. फटाके?

"फटाके!" चिमणाबाई हसली. "तिथं काडेपेटी जपून वापरत्यात, बाई."

"आणि गोंगाट? माणसांची भांडणं, इतर कुत्री?"

"कुत्री नाय तिथं. एक बी नाय."

मला इतकं बरं वाटलं की मी तिला जास्तीचा चहा दिला. पुढच्या आठवड्यात मुलगी दाखवायला न्यायची. जागा संपली.

तुझी
ताई


देवळाली कॅम्प
२ ऑक्टोबर

प्रिय वच्छी,

बकुळीला देऊन आले. घर रिकामं वाटतं आहे, म्हणून तुला लगेच लिहायला बसले.

एस.टी.त ती माझ्या पायांशी पोत्यात होती, तोंड तेवढं बाहेर. कंडक्टर म्हणाला, "मावशी, तिकीट हाफ का फुल?" पण त्यानं आम्हाला मागच्या बाकावर बसू दिलं आणि वणीच्या पुढे वस्तीच्या वाटेवर गाडी थांबवली. तिथून चिमणाबाई, मी आणि बकुळी चालत निघालो.

तशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आपण गावात शिरलो की आधी कुत्री येतात, मग पोरं, मग माणसं. इथे आधी काहीच आलं नाही. शेळ्या दावणीला चिकटून उभ्या होत्या. वरच्या कड्याची सावली दुपारीच अंगणात आली होती. बकुळी थरथरत होती, पण नवी जागा म्हटल्यावर ते चालायचंच.

धोंडीराम उंच, कमी बोलणारा. त्याची बायको सगुणाबाई त्याच्या वाटणीचंही बोलते. "या बाई, पोरीकडची मानसं तुमी, वर बसा." वर म्हणजे ओट्यावर. घर कारवीच्या कुडाचं, शेणानं छान सारवलेलं. नातीचं नाव पुतळा, चारेक वर्षांची. आई-बाप द्राक्षांच्या मळ्यात कामाला असतात, ती आजीपाशी राहते.

शेळ्यांच्या गोठ्याबाहेर एक खुंटी होती आणि तिच्यावर दोऱ्या, गळ्याच्या मापाच्या फासांसकट. काही जुन्या होऊन काळ्या पडलेल्या, एक नवी. म्हणजे कुत्री पाळलेलं घर आहे, सवय आहे यांना. मी मनात खूण केली. एकीला थोडे केसही चिकटले होते, पिवळसर.

नंतर काय झालं ते ऐक. पुतळा भाकरी खात होती. तिनं तुकडा मोडला आणि न बघताच बाजूला हात धरला, कारण तिचं लक्ष माझ्या चष्म्याकडे होतं. बकुळी पोत्यातून निघाली, पोटावर सरकत गेली आणि तो तुकडा घेतला. हातातून! माझ्या हातातून तिनं कधी घेतलं नाही. मग ती त्या पोरीच्या पायावर हनुवटी ठेवून पडली. मला रडू आलं. सगुणाबाई म्हणाली, "घ्या, जमलं की लगीन."

निघताना तिनं सूपभर नागली माझ्या पिशवीत ओतली. मी नको नको म्हणत होते. ती म्हणाली, "फुकट नाय घ्यायचं जनावर. आमची रीत हाय. आता ती आमची." किती सुंदर रीत! मी इथे येऊन नागली दळून आणली. आज भाकरी केली. आपल्या लहानपणी आई करायची तशी जमली नाही, पण गोड लागली.

मुंबईची तारीख ३१ ऑक्टोबर मिळाली आहे. तू विचारलंस म्हणून सांगते, पोटातलं आहे. काढून टाकणार. तिकडचे डॉक्टर तरुण आहेत आणि फार हसतमुख आहेत. मला त्यांचं ते हसणं आवडलं नाही.

तुझी
ताई


देवळाली कॅम्प
१९ ऑक्टोबर

वच्छी,

चिमणाबाई दसऱ्याला माहेरी जाऊन आली. आपट्याची पानं दिली, पाया पडली आणि भांडी घासायला बसली. मी विचारलं, "बकुळी बरी आहे ना?"

"हाय की. अजून हाय."

"अजून म्हणजे?"

ती पातेलं घासत राहिली.

"चिमणाबाई, राख खाली ठेव. अजून म्हणजे काय?"

"म्हंजे असं बाई, त्या वस्तीवर कुत्रं सहसा दिवाळी बघत नाय."

मग तिनं सगळं सांगितलं. घाबरत नाही, लपवत नाही. आमच्याकडे नळाला पाणी किती वाजता येतं हे सांगावं तसं. कड्यावर बिबट्या राहतो. वस्तीवर त्याचं नाव घेत नाहीत, 'तो' म्हणतात. तो उतरतो आणि शेळी नेतो. पण गोठ्याबाहेर कुत्रं बांधलेलं असेल तर तेवढं घेऊन जातो, पुढे काही बघत नाही. त्याला ते त्याचा वाटा म्हणतात. गेल्या वर्षी पावसाळ्यात बांधायला कुत्रं मिळालं नव्हतं. तेव्हा शेजारच्या सोमाच्या मुलीला त्यानं ओट्यावरून ओढलं. लोकांनी ओरडा केला, ती वाचली. पण मान वाकडी राहिली आहे, आणि पोर बोलत नाही.

"तू मला हे सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलं, गोंगाट हाय का. नाय म्हनलं. इचारलं, दुसरी कुत्री हायत का. नाय म्हनलं." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "खोटं बोलले का मी?"

नाही बोलली. मी रस्त्याचं, गिरणीचं, फटाक्यांचं विचारलं. कुत्री का नाहीत, हे विचारायचं मला सुचलं नाही.

"आणि ती नागली?"

"फुकटचं जनावर वाट्याला चालत नाय. आपलं असावं लागतं, आपन त्याचं काहीतरी दिलेलं असावं लागतं. म्हनून वैनीनं दिली."

तुला मी लिहिलं होतं की भाकरी गोड लागली. ते पत्र फाडून टाक.

वणीला नवरात्राची गर्दी आता ओसरली असेल. मी उद्या-परवाच जाते. डॉक्टरांनी प्रवास करू नका म्हणून सांगितलं आहे, पण ते नाशिकचे डॉक्टर, मुंबईच्यांना विचारून सांगतात. तू प्रार्थना करत असशील तर या कुत्रीचं नाव घे. ती चर्चची नाही, पण तू म्हटलंस तर कोणी विचारणार नाही.

ताई


देवळाली कॅम्प
२४ ऑक्टोबर

प्रिय वच्छी,

बकुळी आहे. आधी तेच सांगते.

मी पोचले तेव्हा दुपार होती. ती पुतळाजवळ ओट्यावर झोपली होती. खरीखुरी झोप, एका कुशीवर, पाय पसरून. माझ्या घरी ती कधी कूस उघडी टाकून झोपली नाही. अंगही भरलं होतं. गोठ्याच्या खुंटीवरची नवी दोरी आता खुंटीवर नव्हती, खाली खांबाला बांधलेली होती. दिवस मावळला की तिला तिथे बांधतात.

मी सगुणाबाईला म्हटलं, "मी तिला न्यायला आले आहे."

मला वाटलं भांडेल. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला. "न्या की. नागली परत नका देऊ पन. खाल्ली आसंल तुमी."

"खाल्ली."

"मग ती आमची. पन न्या. मी आडवी यायची नाय." मग तिनं पुतळाला जवळ ओढलं आणि तिच्या केसातला काटा काढायला लागली. "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. मला येवढंच सांगा, उद्यापासनं खांबाला काय बांधू? शेळी बांधू? शेळ्या गेल्या तर आमी खावं काय? आन् काहीच नाय बांधलं, तर..." पोरगी मांडीवर बसून माझ्या पर्सची कडी उघडत होती.

"रात्री कुत्रीला घरात घ्या," मी म्हटलं.

धोंडीराम पहिल्यांदा बोलला. "घरात घेतली तर तो घरात येतो, बाई. वास काढत येतो." त्यानं मला उठवलं आणि दाराशी नेलं. दार म्हणजे कारवीची ताटी, काथ्यानं बांधलेली. त्यानं एका बोटानं ढकलली. सरकली. "हे आमचं दार."

मग त्यानं मला ओढ्याकडे नेलं. पाण्याकाठच्या ओल्या मातीत ठसे होते, माझ्या तळहाताएवढे, कडेला पाणी अजून गढूळ. दुपारी, वच्छी, भर दुपारी. मी काही विचारायच्या आत त्यानं पायानं माती सारखी केली. "पोर येती हितं पान्याला," म्हणाला.

तरी मी बकुळीला घेऊन निघाले. मला मान्य आहे, मी त्या पोरीकडे पाहिलं आणि तरी बकुळीच्या गळ्यात पट्टा घातला. ओढ्यापर्यंत बकुळी आली. तिथे ती बसली, मान खाली घातली, मागे ओढ घेतली आणि पट्ट्यातून निसटली. मी हाका मारत राहिले. ती वळूनही न बघता वस्तीकडे पळाली, पोटाशी शेपूट घेऊन, पण सरळ त्या पोरीकडे. माझ्या हातात नुसता पट्टा.

मी परत गेले. ओट्यावर बसले. सगुणाबाईनं चहा केला, गुळाचा. मी रडत होते आणि माझं पोटही दुखत होतं. ती म्हणाली, "आवो, तुमी तोफांखाली निजता तिथं, आन् एका जनावराला भेता?"

"तुम्ही भीत नाही?"

"भ्यायला येळ पायजे," ती म्हणाली, आणि हसली. मलाही हसू आलं. तशा स्थितीत आम्ही दोघी हसत होतो.

उठताना मी धोंडीरामला विचारलं, "दार पक्कं असतं तर कुत्रीला आत घ्याल?"

"दार लागलं तर आत," तो म्हणाला. "नाय लागलं तर भाईर. तवर वाटा भाईरच बांधायला लागतो, बाई. पोरगी हाय घरात."

शेवटच्या गाडीनं परत आले. कॅम्पात आल्यावर मी माझ्या फाटकात उभी राहिले आणि घराच्या पुढच्या दाराकडे पाहिलं. नानांनी हे घर बांधलं तेव्हा दार वणीच्या जंगलातल्याच सागाचं करून घेतलं होतं. घर सोडून गेलीस त्या दिवशी तू त्याच दाराशी चपला घालत उभी होतीस. आतून घालायचा आडणा बोटभर जाड लोखंडाचा. घर पाडायचं आहे, पण दारं-खिडक्या माझ्या, असं मी सौद्याच्या वेळी बोलून ठेवलं होतं. तेव्हा का ठेवलं, आता आठवत नाही.

तुझी
ताई


देवळाली कॅम्प
३० ऑक्टोबर, रविवार

प्रिय वच्छी,

घराला दार नाही. चौकटीच्या जागी मोठं भोक आहे आणि त्यातून रस्त्यावरचे लोक आत बघत जातात. मी त्यांना नमस्कार करते.

देवराम सुतारानं काल चौकट काढली. आधी तो कबूलच होईना. "बाई, कुडाच्या भिंतीला सागवानी दार? शेळीवर अंबारी!" खरंच होतं. कारवीची भिंत हे दार पेलणार नाही. मी चिमणाबाईला पुढे पाठवलं. तिनं वस्तीवर बोलणं केलं. पुढच्या बाजूची भिंत दगडाची उचलायची ठरली. दगड डोंगराचा, फुकट. सोमा आणि खालच्या वाडीची माणसं इर्जिक करणार आहेत, म्हणजे सगळ्यांनी मिळून काम करायचं आणि त्या दिवशी त्यांचं जेवण आपण घालायचं. तांदूळ, डाळ आणि गूळ मी ट्रकमध्ये चढवला आहे. पाया भरून झाला, असा निरोप शुक्रवारी आला.

काल दुसरा निरोप आला. तो हाफ-फुल विचारणारा कंडक्टर मुद्दाम वाट वाकडी करून इथे आला होता. "मावशी, धोंडीरामनं सांगितलंय. 'तो' दिवसा कड्यावर बसायला लागलाय. बघत बसतो. परवा सोमाची शेळी गेली. लवकर या." मी विचारलं, कुत्री? त्याला माहीत नव्हतं. त्याला एवढंच सांगायला सांगितलं होतं.

तेव्हा आता मला माहीत नाही, वच्छी. रात्री ती खांबाला बांधलेली असते, एवढंच माहीत आहे. परवा, आपल्या वसुबारशीच्या दिवशी, त्यांच्याकडे वाघबारस असते. शेंदूर लावलेल्या दगडापुढे नारळ फोडतात. धोंडीरामची इच्छा आहे की त्याआधी दार लागावं. म्हणजे देवासमोर सांगता येईल की यापुढे वाटा नारळाचा.

उद्या पहाटे ट्रक निघणार. मी ड्रायव्हरशेजारी बसणार आहे. मुंबईची तारीख उद्याचीच होती. मी फोन करून पुढची मागितली. हसतमुख डॉक्टर या वेळी हसले नाहीत. म्हणाले, "बाई, हे पुढे ढकलण्यासारखं नाही." मी म्हटलं, "तेही नाही." त्यांना वाटलं मला भ्रम झाला आहे. तू नर्स आहेस, तुला खरं लिहिते: दुखणं आता पाठीत जातं, आणि दोन महिन्यांपूर्वीची पोलकी अंगावर लोंबतात. याचा अर्थ तुला कळेल. मला कळवू नकोस.

घर मोडतच आहे तर कुणाला काय जायचं ते इथेच लिहून ठेवते. चिमणाबाईला वाचता येत नाही आणि देवरामला फक्त मापं समजतात. तेव्हा हे तुझ्याकडे राहू दे. मी नसले तर तूच बघायचं आहेस. मदर सुपीरिअर सुट्टी देत नसतील तर सांग, बहिणीचं आहे. इतक्या वर्षांत तू एकदाही मागितली नसशील.

माझ्या साड्या आणि रेडिओ चिमणाबाईला. ती माझं काही देणं लागत नाही, मीच तिचं लागते, हे तिला ऐकवू नकोस, चढेल.

शिवणयंत्र देवरामच्या मुलीला. पॅडलचा पट्टा सैल आहे.

खिडक्यांचे गज सोमाकडे. त्याच्या ओट्याला लावायचे, ज्या बाजूनं मुलगी झोपते त्या बाजूला आधी. देवराम लावून देईल, मी त्याला कबूल करून घेतलं आहे.

मागचं दार धोंडीरामच्या गोठ्याला. त्याची बिजागरी करकरते. तेल घालू नका म्हणावं, आवाज झालेला बरा.

आईची तांब्याची घागर तुला. तुम्ही स्वतःचं काही ठेवत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून ती दवाखान्याच्या नावानं पाठवते आहे. पाणी तू भर.

धनमाईंच्या तबेल्यातली पितळी ताटली पुतळाला. ती तीत जेवेल आणि कुणाला तरी त्यातलं देईल. न बघता देते, ते तसंच राहू दे.

पुढचं दार, चौकट आणि आडण्यासकट, सगुणाबाईला. तिला सांग, हे फुकट नाही. त्याची नागली मी खाल्लेली आहे.

आणि दाराची आतली बाजू बकुळीची. उद्या मी पोचेपर्यंत ती तिथे असेल, असं धरून लिहिते आहे.

तुझी
ताई